राक्षस कुणाच्या बोलीत बोलतो?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळाचा 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा ग्रंथ १९७७ साली निघाला. खेळात भेटू शकणाऱ्या अक्राळविक्राळ प्राण्यांची ती जंत्री. तीत 'राक्षस' आहे, आपल्याच नावानिशी. हे दुष्ट जीव पहिल्यांदा भारतात आढळले, अशी माहिती तिथे दिली आहे. चित्रात डोकं वाघाचं, अंगात उंची कोट आणि सोबत पाइप. तो माणसाचं मांस खातो, समोरच्याच्या मनातलं ओळखतो, हवं ते रूप घेतो आणि मंतरलेला बाण लागला की मरतो. नोंद संपली. त्याला आई नाही, गाव नाही, कुणी दिलेला वर नाही, भोगायचा शाप नाही. रावण, बळी, हिडिंबा, घटोत्कच यांना लहानपणापासून नावाने ओळखणाऱ्या मराठी वाचकाला ही नोंद वाचून वाईट वाटावं. आपल्या राक्षसाचं कुळ, तप, हट्ट, वचन सगळं गळून पडलं आणि उरलं ते मारण्याजोगं शरीर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. संवाद लिहिलेले नसतात. घाव लागला की चुकला, दार उघडलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. उरलेलं सगळं बोलण्यातून घडतं. बेळगाव-निपाणीकडची जी मुलं पुण्या-बेंगळुरूला शिकायला जातात, त्यांना हा खेळ आता परका नाही. पात्र तयार करताना आधी ठरवायचं असतं, आपण कोण? माणूस, एल्फ की बुटका ड्वार्फ? अशा वेळी एखादा हमखास म्हणतो, मला यातलं काहीच नको, मला राक्षस व्हायचंय. गॉब्लिन, सर्पमानव, वाघतोंड्या, काहीही चालेल, पण माणूस नको. मला ही मागणी मोलाची वाटते. ती कशी पुरी करावी याचं उत्तर मात्र खेळाच्या नियमांपेक्षा आपल्या सीमाभागाच्या देवळांत आणि रंगमंचांवर जास्त नीट सापडतं, असं माझं म्हणणं आहे.

नियमांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली खेळ छापला तेव्हा मुभा होती: कुणी काहीही व्हावं, अगदी ड्रॅगनसुद्धा, फक्त सुरुवात दुबळ्या पिल्लापासून करावी. पाच वर्षांनी सूत्रधारांसाठी लिहिलेल्या ग्रंथात गायगॅक्स यांचा सूर बदलला. राक्षसी पात्र मागणारे बहुतेक जण त्याच्या ताकदीसाठी मागतात आणि खेळातलं जग माणसाला मध्ये ठेवूनच उभं राहतं, असा त्यांचा रोख होता. पुढे १९९३, २००३, २०१६ अशी पुस्तकं येत गेली आणि गॉब्लिन, कोबोल्ड, ऑर्क असे सगळेच राक्षसी जीव खेळता येऊ लागले. परवानगीचा प्रश्न मिटला. गायगॅक्स यांची शंका मात्र तशीच राहिली, आणि ती खरी आहे. नखं, शेपूट, अंधारात दिसणारे डोळे, वार न लागणारी कातडी एवढं घ्यायचं आणि वागायचं अगदी चारचौघांसारखं, हे आजही चालतं. त्याला राक्षस खेळणं म्हणता येत नाही. तो जास्त बळाचा माणूस झाला.

आता सांगलीकडे वळू. १८४२च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीत आले. ते पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आलं. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणे आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचत. राक्षसांची कामं करणाऱ्यांची वेगळी फळी असे, राक्षसपार्टी. 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत, हातातलं शस्त्र नाचवत ती मंडळी येत. नंतरच्या शिकलेल्या प्रेक्षकांनी या सगळ्या प्रकाराला 'अललडुर्र नाटकं' म्हणून नाक मुरडलं. १८८० साली 'संगीत शाकुंतल' आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी मराठी रंगभूमीला जे दिलं त्याचं ऋण मोठंच आहे, पण त्या सुरेल वाटेवर राक्षसपार्टी मागे पडली. मला त्याची हळहळ वाटते. आरोळी ठोकणारा नट काही क्षण तरी सभ्य समाजाच्या बाहेर उभा राहून त्याच्याकडे बघत असे.

या इतिहासात सीमाभागाने विसरू नये अशी एक गोष्ट आहे. मराठी रंगमंचावरचा राक्षस कानडी मुलखातून आलेले खेळ पाहून घडला. कर्नाटकातल्या यक्षगानात राक्षसाचा वेष हे आजही हलकं काम नाही. तांदळाच्या पिठाचे काटे तोंडावर एकेक करून उठवत रंगवणारा तासन्‌तास बसतो, आणि ते काम अनुभवी नटाकडे जातं. आपण त्यांच्याकडून उसना घेतला तो राक्षस, आणि उसना घेऊनही आपला केला.

आपला केला तो कसा, ते घाटाखाली दिसतं. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या दशावतारात मुख्य आख्यानाच्या आधी 'आड दशावतार' होतो. त्यात संकासुर येतो: काळा पेहराव, तोंडावर काळं फडकं, त्यातून लोंबणारी लाल जीभ. तो ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा दैत्य आहे, विष्णूच्या हातून मरायलाच आलेला. पण मरण्याआधी तो मनसोक्त बोलतो. इथेही संहिता नाही. जे सुचेल ते तिथेच. देव आणि राजे संस्कृतप्रचुर, पुस्तकी मराठीत बोलतात. संकासुर बोलतो मालवणीत. म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या घरच्या बोलीत. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच बोलण्यावर सगळ्यांत जास्त हसतात. राक्षसाच्या तोंडात कुणाची भाषा घालायची, हा प्रश्न दशावताराने असा सोडवला: परक्याची नाही, आपली.

बेळगावच्या टेबलावर या उत्तराची खरी गरज आहे. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागातल्या माणसाला आपण कुणाचे, याचं उत्तर वारंवार द्यावं लागलं आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा, प्रश्न तिथेच. अधूनमधून वातावरण तापतं, दोन्ही बाजूंना बसगाड्यांवर काळं फासलं जातं. अशा गावात चार मुलं खेळायला बसली आणि गुहेतल्या ऑर्कला आवाज द्यायची वेळ आली, तर सगळ्यांत सोपा आवाज कुठला? शेजारच्या गल्लीतला. मराठी मुलाने कानडी हेलात बोलावं, कानडी मुलाने मराठी हेलात, आणि बाकीच्यांनी खदखदून हसावं. त्या हसण्यात कुणाच्या मनात वाईट नसेलही. तरी त्या क्षणी जंत्रीतल्या त्या रिकाम्या शरीरात एक खरा शेजारी भरला जातो, आणि खेळाचा पुढचा नियम तर त्याला मारण्याचा आहे.

हा धोका आपल्यापुरता नाही. ऑर्क म्हणजे जन्मतः क्रूर, जन्मतः मंदबुद्धी, ही वर्णनं गोऱ्या वसाहतवाल्यांनी काळ्या-सावळ्या लोकांविषयी लिहिलेल्या वर्णनांशी जुळतात, अशी टीका पाश्चात्त्य खेळाडूंनीच केली. खेळाच्या प्रकाशक कंपनीने २०२० साली ती जाहीरपणे ऐकून घेतली. २०२४च्या नव्या नियमांत ऑर्क मुख्य पुस्तकातच खेळण्याजोगा झाला आणि 'रेस' हे सदर जाऊन 'स्पीशीज' आलं. हे योग्यच झालं. पण त्याच पुस्तकाच्या मुख्य यादीतून अर्ध-ऑर्क आणि अर्ध-एल्फ निघून गेले, ते मला पटलेलं नाही. ज्या मुलखात एका घरात आजी कानडीत ओव्या म्हणते आणि नात मराठीत उत्तर देते, तिथे अर्धं-अर्धं असणं हा चुकून उरलेला रकाना नाही. तेच तर तिथलं रोजचं जगणं आहे. यादीतून कुणी वगळलं म्हणून टेबलावरून वगळायचं काही कारण नाही.

माझी सूचना म्हणून साधी आहे. बेळगावच्या टेबलावर राक्षस खेळणाऱ्याने आपल्या घरची बोली राक्षसाला द्यावी. पु. लं.च्या 'रावसाहेबां'मुळे बेळगावी मराठीची चव सगळ्या महाराष्ट्राला कळली, पण आजही ती बोलणारा मुलगा पुण्यात गेला की पहिल्या महिन्यात 'काय करूलालास' गिळून टाकायला शिकतो. तेच 'काय करूलालास' त्याच्या वाघतोंड्याच्या तोंडी येऊ दे. निपाणीच्या मुलाचा राक्षस 'काय करायलास' म्हणू दे. कानडी मुलाचा राक्षस त्याच्या आजोळच्या कानडीत शिव्या देऊ दे. मग हसू आलं तरी ते स्वतःवरचं असेल, आणि त्या हसण्यात एक ओळख असेल. राक्षसाला दुरून दाखवण्याऐवजी त्याच्या आत शिरायचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग राक्षस चांगला करून टाकावा, म्हणजे प्रश्नच नको. ही पळवाट झाली, आणि ती मोहक आहे. पाश्चात्त्य खेळाडूंना प्रिय असलेला ड्रिझ्ट हा काळा एल्फ आर. ए. साल्व्हाटोरे यांच्या १९८८च्या कादंबरीत आला: दुष्ट जमातीतला एकटा सज्जन. त्याच्यानंतर कितीतरी खेळाडूंनी आपापला एकटा सज्जन घडवला. आपल्याकडे ही जागा बिभीषणाची आहे. बिभीषण चिरंजीव आहे, लंकेचा राजाही झाला, पण त्याच्या चांगुलपणामुळे बाकीच्या लंकेचा वाईटपणा अधिकच पक्का होतो. अपवाद एक असला की नियमाला बळ येतं. एकटा चांगला ऑर्क खेळणारा मुलगा नकळत हेच सांगत असतो की उरलेले ऑर्क मारायला हरकत नाही.

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त १८७३ साली बळीराजाची गोष्ट उलटी करून मांडली, तेव्हा त्यांनी बळीला अपवाद केलं नाही. त्यांनी अख्खं राज्य उभं केलं: खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याचे अधिकारी, सरदार. राक्षस ठरवलेल्या माणसांचा कारभार कसा होता, हे त्यांना दाखवायचं होतं. अलीकडे शरद तांदळे यांची 'रावण : राजा राक्षसांचा' ही कादंबरीही तरुणांनी आवडीने वाचली, त्यामागे हीच भूक आहे. मात्र खलनायकाला नायकाच्या जागी नेऊन बसवलं की तो नायकासारखाच दिसू लागतो, ही अडचण अशा सगळ्याच लेखनात येते. निपाणीचे कथाकार महादेव मोरे पिठाची गिरणी चालवता चालवता लिहीत राहिले. समाजाने कडेला ठेवलेली माणसं त्यांनी मध्ये आणली, पण धुऊन-पुसून आणली नाहीत. शिवी शिवीसारखी राहिली, वखवख वखवखीसारखी. राक्षस खेळणाऱ्याने अभ्यास करायचा तर तो अशा कथांचा करावा.

वखवखीवरून भुकेचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते सगळा कस तिथे लागतो. राक्षस वेगळा असतो तो शेपटीने नाही. त्याला जे खावंसं वाटतं ते त्याच्या सोबत्यांना भयंकर वाटतं, ही खरी अडचण. तिला बगल दिली तर खेळण्यासारखं काही उरत नाही, आणि तिच्या हाती सगळं सोपवलं तर टेबलावर बाकीच्यांना बसवत नाही. या कोंडीची वाट बेळगाव जिल्ह्यातल्या मंगसुळीला सापडते. मंगसुळीचा खंडोबा मराठी आणि कानडी दोन्हीकडच्या भक्तांचा. कानडीत तो मैलारलिंग. मल्हारी माहात्म्यात मणी आणि मल्ल या दोन दैत्य भावांशी त्याचं युद्ध होतं. दोघेही हरतात आणि मरताना दोघांनाही मागणं मागता येतं. मणी आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि मागतो: जगाचं भलं होवो, तुझ्या प्रत्येक देवळात मला जागा मिळो आणि मला बोकडाचा नैवेद्य मिळो. मल्ल मागतो जगाचा नाश आणि माणसाचं मांस. मणीला देवाशेजारी ठाणं मिळालं. मल्लाचं शिर पायरीशी पडलं, भक्तांच्या पायाखाली.

दोघेही दैत्य आहेत आणि दोघांनाही मांसच हवं आहे. मणीने भूक सोडली नाही. तिला गावाला देता येईल असं रूप दिलं, आणि गावानेही ते द्यायचं कबूल केलं. कोल्हापूरची गोष्टही याच जातीची. कोल्हासुराने मरताना मागितलं की या नगराला माझं नाव राहो आणि दरवर्षी मला कोहळा मिळो. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर आजही कोहळा फोडला जातो. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा म्हणजे मूळचा महिषासुर, असं दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मांडलं. ते मानलं तर देवीने मारलेला तो दैत्य अजून शेत राखतो आणि त्याबद्दल आपला वाटा घेतो. आपल्या लोकांनी राक्षसाला हाकललंही नाही आणि देवमाणूसही केलं नाही. त्याच्याशी करार केला.

खेळात हाच करार सुरुवातीला मांडता येतो. राक्षस मागणाऱ्याला सूत्रधाराने ताकदीविषयी विचारूच नये. त्याने विचारावं: तुला काय खावंसं वाटतं, त्याऐवजी काय चालेल आणि ते रोज कुठून येणार? गावाच्या वेशीवर तुला कोण ओळखतं? तुझ्या जमातीतल्या कुणाशी तुझं अजून बोलणं आहे? आणि बाकीच्यांना विचारावं: याचा वाटा तुमच्यातलं कोण उचलणार? पहिल्या प्रश्नाने ताकदीसाठी आलेला खेळाडू आपोआप माघार घेतो, कारण अशी ताकद फुकट राहत नाही. शेवटच्या प्रश्नाने उरलेल्या टोळीची परीक्षा होते, आणि तिथे बहुतेक टोळ्या नापास होतात.

महाभारतातली टोळीसुद्धा नापास झाली. घटोत्कच भीमाचा मुलगा, आईकडून राक्षस. पांडवांना तो आठवतो तो ओझं वाहायला आणि लढायला. युद्धाच्या चौदाव्या रात्री तो कौरवसेनेची दाणादाण उडवतो, तेव्हा कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली इंद्राची शक्ती त्याच्यावर सोडावी लागते. घटोत्कच पडल्यावर पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो, कारण अर्जुन वाचला. किती टेबलांवर अर्ध-ऑर्क असाच वापरला जातो: पुढे जा, दार फोड, वार झेल. त्याने मरावं यासाठी कुणी त्याला आणलेलं नसतं, पण त्याच्या मरणाचा हिशोब आधीच झालेला असतो. राक्षस खेळणाऱ्याने कधीतरी थांबून सोबत्यांना विचारावं, मी तुमचा आहे की तुमच्या कामाचा? उत्तर देताना टेबलावर अवघडलेपण आलं तर येऊ द्यावं. खेळाचा फासा त्या प्रश्नासाठी नाही.

भासाच्या 'मध्यमव्यायोगा'त याच घटोत्कचाची तरुणपणीची गोष्ट आहे. आईचं पारणं फेडायला तो एका ब्राह्मणाच्या मधल्या मुलाला न्यायला निघतो, भीम आडवा येतो, बापलेक एकमेकांना न ओळखता भांडतात. शेवटी कळतं की हिडिंबेने हा सगळा घाट भीमाची भेट व्हावी म्हणून घातला होता. भुकेच्या आडून तिने नवऱ्याला बोलावणं धाडलं.

राक्षस व्हायचं म्हणणारे बहुतेक जण रावण मनात धरतात, कुणी घटोत्कच. हिडिंबा मागितलेली मला तरी माहीत नाही. तिने भावाचा बेत मोडला आणि माणसावर जीव लावला. दिवसा भीम तिचा, सूर्य मावळला की त्याला भावांकडे परत आणून पोचवायचं, ही अट तिने मान्य केली. मुलगा होईपर्यंतच संसार, हेही तिने मान्य केलं. त्यानंतर महाभारत तिच्याकडे फारसं वळून पाहत नाही. मुलगा लढाईला गेला, परत आला नाही, तेव्हा ती अरण्यात कुठे होती, कुणाशी बोलली, पांडवांच्या राज्यात तिचा काही हक्क होता का, यातलं कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. ज्या खेळात संवाद आधी लिहिलेले नसतात, त्याला याहून चांगली जागा मिळणार नाही. बेळगावच्या एखाद्या मुलीने हिडिंबा मागावी, तिला आपल्या आजीची बोली द्यावी आणि पहिल्याच डावात हस्तिनापूरच्या दाराशी जाऊन आपला वाटा मागावा.